गोणपाटाएवढं रान

रोज सकाळी मी परसात माजलेल्या रानावर गोणपाट टाकतो आणि त्याखाली येईल तेवढंच काढतो. सत्तरीतल्या कमरेला त्याहून जास्त झेपत नाही. बाग खरी बायकोची. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे सहा महिने, ती मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरलेली नाही. डॉक्टर म्हणतात, चाला. ही म्हणते, "पडले तर?" आणि दारातल्या खुर्चीत बसून राहते.

काल गोणपाटाखाली उंच गवताचा ठोंब आला. तो मुळासकट उपटला, कुंपणाकडे भिरकावला आणि तसाच हिला पाण्याचा पेला द्यायला गेलो. हिने पेला बाजूला ठेवून माझा हातच नाकाशी धरला.

"अहो, गवती चहा उपटलात? माझ्या माहेरून आणलाय तो!"

मी काही बोलायच्या आत ती काठी घेऊन उठली, तिन्ही पायऱ्या उतरली आणि शेजारी उभी राहून तिने तो ठोंब माझ्याकडून पुन्हा लावून घेतला. आपण खाली आलोय, हे तिला झारी रिकामी झाल्यावर कळलं.

आज मी अळवाला विळा लावला आणि मोठ्याने विचारलं, "अगं, हे रानच ना?"

"चाळीस वर्षं फदफदं ओरपताय, आणि अळू ओळखता येत नाही?"

आवाज फारच जवळून आला. वळून पाहिलं, तर ती शेवटच्या पायरीवर उभी. पायात बागेतल्या जुन्या चपला. त्या शोधून घालायला ती माझ्या हाकेच्या बऱ्याच आधी उठली असणार.