चाळीस वर्षांचं वादळ

हवामानाच्या आकड्यांतून वादळाचं केंद्र शोधून दर सहा तासांनी नकाशावर ठिपका देणारा माझा प्रोग्राम अजून एकदाही चुकलेला नाही. तो दाखवायला मी बाबांना मुद्दाम गावाहून ऑफिसात बोलावलं. त्यांची उभी हयात मालवाहू जहाजावर गेली.

"वादळं चार-आठ दिवसांत विरतात," मी ऐटीत सांगितलं. "हे एकच चाळीस वर्षं विरलेलं नाही. मी शोधलं."

बाबा ठिपके जोडून झालेल्या रेघेवरून बोट फिरवत गेले. "इथे आमचं इंजिन बंद पडलं होतं. तीन आठवडे."

तिथे ठिपक्यांचा पुंजका होता.

ते निवृत्त झाले त्याच तारखेला रेघ बंदरात आली होती. मग बारा वर्षं ठिपका आमच्या गावच्या घरावर. आज दुपारचा मात्र या ऑफिसवर.

"कुठे चुकली नाहीस ना?"

"नाही, बाबा."

"हुशार आहेस," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "घरी पोचलो गं. का कोण जाणे, फार हलकं वाटतंय."

तेवढ्यात नवे आकडे आले. ठिपका त्यांच्यामागून गेला नव्हता.