विहिरीची झडती

"आता बघ, किती खिळे उचलतंय ते," महांतप्पा मास्तर म्हणाले.

शरणम्मानं बघितलं नाही. तव्यावर भाकरी करपत होती आणि तवा उतरवून ठेवायला जागा नव्हती. घरभर सूत गुंडाळलेली तांब्याची तार, लोखंडी कांबी आणि खिळे पसरले होते. मधोमध ठाण्याच्या फौजदाराच्या, अमीनसाहेबांच्या मोटारीतून काढलेली बॅटरी.

"तुमीच बघा. पोलीस ठाणं तुमचं सासर हाय, माझं न्हाय."

मास्तरांनी वीज जोडली. बारीक तारेचे पुष्कळ फेरे घातलेल्या गुंडाळीला दोन-चारच खिळे चिकटले. जाड तारेच्या एकेरी गुंडाळीला मूठभर लागले, पण ती हात लावू देईना इतकी तापली.

"लई गरम होतीय," ते स्वतःशीच पुटपुटले. "तारेचं पदर वाढवाय पायजेत."

शरणम्मानं करपलेली भाकरी त्यांच्या ताटात आदळली.

संक्रांतीआधी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीवरच्या नाक्यावर हल्ला झाला आणि पोलिसांच्या बंदुका गेल्या. हल्ला करणाऱ्यांत शरणम्माचा धाकटा भाऊ शिवप्पा होता, हे बेंबळी गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. अमीनसाहेबांनी गाव उलटंपालटं केलं. कडब्याच्या गंजी पाडल्या, उकिरडे उपसले, धान्याची पेवं उघडली. काही सापडलं नाही. मग कुणीतरी खबर दिली की बंदुका गावविहिरीत आहेत. माणसं बुड्या मारून दमली. वर आला तो नुसता गाळ.

तेव्हा मास्तर आपण होऊन ठाण्यावर गेले होते. "लोखंडावर तार गुंडाळून वीज सोडली, तर ते गाळातनंबी लोखंड ओढून काढतं," असं त्यांनीच सांगितलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. हेच शरणम्माच्या जिवाला लागलं होतं.

विहिरीवर आता बाया तिच्या डोक्यावर घागर चढवून देत नव्हत्या. ती आली की बोलणं थांबायचं. दगडोबाची म्हातारी तर तिच्यासमोर पचकन थुंकली. आणि घरी आलं की हे खिळे. पायात खिळे, अंथरुणात खिळे, एकदा तर पिठातही.

"काल दिवाळीत माझ्या भावाला ओवाळणारी म्या, आज त्याच्या फासाची दोरी माझ्याच घरात वळताय व्हय?"

"दोरी न्हाय, तार हाय," मास्तर म्हणाले. "हिकडचं टोक जरा धर."

तिनं धरलं. ते हात धुवायला परसात गेले, तेव्हा तिनं तारेचा वरचा अख्खा पदर सोडला आणि उलट्या दिशेनं गुंडाळून ठेवला. परत येऊन मास्तरांनी वीज जोडली. एक टाचणीही हलली नाही. त्यांनी गुंडाळी निरखली, मग बायकोकडं बघितलं.

"एक पदर उजवा, एक डावा. दोघं एकमेकाचं बळ खातात," ते शांतपणे म्हणाले, आणि सगळं सोडून पुन्हा नीट गुंडाळायला बसले.

शरणम्माला वाटलं, हा माणूस रागावला असता तरी बरं झालं असतं.

शेवटी जाड तारेचे तीन पदर, तिन्ही एकाच दिशेनं, अशी गुंडाळी जमली. खिळ्यांचा घोसच्या घोस लोंबला आणि तार नुसती कोमट. मास्तरांनी ती डांबरात बुडवून वाळवली.

दुसऱ्या दिवशी गाव विहिरीभोवती जमलं. अमीनसाहेब त्रासून घाम पुसत होते.

"मास्तर, हा तमाशा खरंच चालतो का? वर हैदराबादला जबाब मला द्यावा लागतो."

"तुमचीच बंदूक टाकून बघा, साहेब."

शिपायाची बंदूक पाण्यात सोडली. गुंडाळी खाली गेली आणि बंदूक घेऊनच वर आली. अमीनसाहेबांचे डोळे चमकले. शरणम्मानं पदर तोंडाशी धरला.

मग गुंडाळी विहिरीच्या कानाकोपऱ्यात फिरली. विळे निघाले, पोहऱ्यांच्या कड्या, साखळ्या, एक जुनी कुऱ्हाड. ऊन कलेपर्यंत सगळा गाळ चाचपून झाला. बंदूक एकही नाही.

"खबर देणारा हरामखोर!" अमीनसाहेब गरजले. "चला. या विहिरीचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही."

मोटार धुरळा उडवत गेली. लोक मास्तरांकडं न बघता पांगले.

घरी येताच शरणम्माचा बांध फुटला.

"बंदुका घावल्या न्हाईत ही बसवण्णाची किरपा! पर तुमी तर काय बाकी ठिवलं न्हवतं. आजच्या आज शिवप्पाला निरोप धाडते. ह्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नगं म्हणून!"

"धाड की," मास्तर म्हणाले. त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि बोटांवरचं डांबर तेलानं पुसत ते तिच्याजवळ येऊन बसले.

"आन त्यातच सांग, विहिरीची खबरबी म्याच दिली आन झडतीबी म्याच उरकली. आता बंदुका आणून तिथं सोड म्हणावं."