चौथी ओळ

मुख्य सिस्टरनी औषधांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आपटल्या.

"पाच नंबरच्या आजींना मधुमेह नाही आणि चिठ्ठीत इन्सुलिन. सुई भरून झाली होती माझी."

मी वॉर्डाची फाइल उघडली. पहिली ओळ पहिल्या खाटेची, दुसरी दुसरीची. माझा सी भाषेतला प्रोग्रॅम ओळी मोजत खाली उतरतो आणि त्या त्या खाटेची चिठ्ठी छापतो. आज चौथी ओळ कोरी होती. कोरी ओळ मोजायची नाही, ही अट मीच घातली होती. त्यामुळे सहाव्या खाटेचं इन्सुलिन पाचवीच्या नावावर गेलं होतं.

"कोऱ्या ओळीत वाचण्यासारखं काय असतं, सिस्टर?" मी पुटपुटलो.

"चार नंबरच्या काकू पहाटे गेल्या." त्यांचा आवाज चढला. "त्या गेल्या म्हणून बाकीच्यांना एकेक खाट सरकवलंत? चादर बदलून झाली होती, तरी ट्रॉली घेऊन मी त्या खाटेशी थांबले. तुमच्या प्रोग्रॅमला एवढी कसली घाई होती?"