गुरुवारची गोळी

सिंधूबाईंनी गोळ्यांची पट्टी सतरंजीवर आपटली, तेव्हा हौसराव चहा बशीत ओतत होते.

"बघा आप्पा. सुनंच्या डब्यात घावल्या. शिरूरच्या मेडिकलवाल्याला दावल्या. त्यो म्हनला, डोक्यात गाठ हून दुधाचं हार्मोन वाढलं की ही गोळी देत्यात. त्या गाठीनं पोर ऱ्हात न्हाई."

सत्यजीत सिंधूबाईंचा मुलगा, हौसराव त्याचे चुलते. भावकी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. सून सुलक्षणाला कायमची माहेरी, भांडगावला धाडायची आणि सत्यजीतचं दुसरं लग्न लावायचं, यासाठी ही बैठक. पाच वर्षांत मूल नाही, एवढाच तिचा गुन्हा.

तक्रारी मात्र संपत नव्हत्या. दर महिन्याला शिरूरच्या डॉक्टरकडे जाते. जाताना गाडी स्वतः चालवते आणि धडधाकट नवऱ्याला मागे बसवते. परवा सत्यजीतने ट्रॅक्टर फाटकाच्या खांबाला घासला, त्याचंही खापर तिच्यावर. बायकोच्या घोराने पोराचं ध्यान नाही म्हणे. सुनेवर काय काय ढकलावं, याला या लोकांनी काही धरबंध ठेवला नव्हता.

"सूनबाई, गाठीचं खरं हाय का?" हौसरावांनी विचारलं.

"व्हय आप्पा. गाठ बारीक हाय. डॉक्टर म्हनलं, सोमवारी आन् गुरुवारी गोळी चुकवली न्हाई तर जिरून जाईल. ऑपरेशन लागायचं न्हाई. कडंचं दिसायला लागंल, मूलबी व्हईल."

"म्हंजी दोष कबूल," सिंधूबाई म्हणाल्या.

सुलक्षणाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलायचा होता, फक्त एक. सत्यजीतचा कोपर लागून शेजारचा चहा सांडला. तोही तिनेच पुसला.

"सत्यजीत, तुझं काय म्हननं?"

"तुम्ही ठरवाल ते," तो खाली बघत म्हणाला. कानाखाली वाजवावी असा मऊ आवाज.

"मग उद्या भांडगावला सोडून या," हौसराव म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

सुलक्षणा आत गेली. कपडे भरायला गेली असं सगळ्यांना वाटलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. सतरंजीवरची पट्टी उचलून तिने एक गोळी काढली आणि सत्यजीतला नीट दिसेल अशी अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"आज गुरुवार हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घ्या, तुमची गोळी."