न धाडलेली पत्रं

अल्माटीत राहणारा उइगुर पोलात सीमेपलीकडच्या आईला रोज एक पत्र लिहायचा आणि कॉम्प्युटरमध्येच ठेवून द्यायचा. धाडणार कसं? परदेशातल्या मुलाचं पत्र आलं, एवढ्यावरूनही तिकडे पोलीस माणसं उचलून नेत. चार वर्षांत तिचा आवाजही कानी पडला नव्हता. शेजारचे हाशिमकाका तेवढी तिची खुशाली चोरून कळवत. पोलात पत्रांतूनच त्यांना दुवा द्यायचा.

"मास्तरणीचा मुलगा ना रे तू? आणि ओळीओळीला चुका?" त्याचा मित्र एर्शात एकदा कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावत म्हणाला. "आई भेटली की आधी कान पिळेल तुझा!"

एर्शातकडे उइगुर शुद्धलेखन तपासणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर होतं. कुणीतरी पाठवलेलं, फुकटातलं. त्यानं ते तिथल्या तिथे बसवून दिलं. पोलात तर हरखूनच गेला. चार वर्षांचं एकेक पत्र उघडून त्यानं सगळ्या चुका दुरुस्त केल्या. आईला कधीतरी दाखवायची वेळ आलीच, तर लाज नको.

पंधरा दिवसांनी तिकडच्या नंबरावरून फोन आला. आईच होती.

"आई! अगं, कशी आहेस? बरी आहेस ना?"

कागदावरचं वाचावं तशी ती एकेक शब्द बोलली.



"तुझी सगळी पत्रं त्यांनी मला वाचून दाखवली, बाळा. हाशिमलाही."