फोटोतला नवरदेव

दुसऱ्या दिवशी हळद होती, म्हणून नवनीत म्हसावदला भिलाच्या सलूनमध्ये आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने मोबाईल पुढे केला. एआयने त्याच्याच फोटोवर नवी कटिंग करून दाखवली होती.

"आशीच पाहिजे."

"नवरी कोनता गावनी शे?" कात्री चालवता चालवता भिलाने विचारलं.

"मायले माहीत."

कटिंग झाली. नवनीतने आरशात पाहिलं, मग मोबाईलमध्ये. "फोटोसारखं नही दिखी ऱ्हायनं."

भिलाने कानांवरून पुन्हा मशीन फिरवलं, वरचे केस आणखी थोडे कमी केले. तरी नवनीतची मान नाहीच म्हणत राहिली. लग्नसराईत दिवसभर उभं राहून भिलाचे पाय भरून आले होते. त्याने मोबाईल हातात घेतला, आरशाला लावून धरला आणि बराच वेळ दोघांकडे पाहिलं.

"केसं तेच शेतस, भाऊ. फोटोमा तू हासी ऱ्हायना, आरसामा नही."

मोबाईल परत घेऊन नवनीतने एआयला काहीतरी लिहिलं. फोटोतल्या नवरदेवाचं हसू गेलं. नवनीतने तो पुन्हा आरशाशी ताडून पाहिला.

"आते बरोबर शे," तो म्हणाला.