उतारावरची ट्रायल

प्लॉटच्या तोंडाशी जेसीबी घरघरत उभा होता. टेलरमास्तर ड्रायव्हरला हाताने दाखवत होते, "हा चढ सगळा काढायचा. पार रस्त्याच्या पातळीला आणायचं."

"मास्तर, जरा थांबा," आर्किटेक्ट म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झाले होते. सकाळपासून तिने मास्तरांचं अख्खं घर जमिनीवर फक्कीने आखलं होतं. तीन खोल्या, मागची प्रत्येक खोली पुढचीपेक्षा उंचावर. तिने आखलेलं हे पहिलंच घर. चढ गेला की ते कागदावरच राहणार होतं.

"बघितलं मी," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला तर मी आतून पॅड घालतो. कुणाला कळतसुद्धा नाही. तुम्ही तर खांदा उघडाच टाकलाय!"

"आणि पोट सुटलेलं असलं तर?"

"तर पोटाच्या मापाने शिवतो. पोट कापतो की काय?"

ड्रायव्हर फिसकन हसला. मास्तरांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मग कात्री लावण्याआधी ट्रायल तरी घ्या," ती म्हणाली.

ट्रायलला नाही म्हणणं मास्तरांना जमण्यासारखं नव्हतं. चपला काढून ते रेघांच्या दारातून आत शिरले. मागोमाग, इतका वेळ बाजूला उभी असलेली त्यांची बायको. एक खोली, चढ, दुसरी खोली, पुन्हा चढ. सगळ्यात वर, जिथे स्वयंपाकघर होणार होतं, तिथे आर्किटेक्टने विटा रचून ओटा केला होता. बायको ओट्याशी उभी राहिली.

"अहो, इकडे या आधी."

खाली शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे काही दिसत नव्हतं. इथून त्याच्या छपरावरून थेट नदी दिसत होती, वळणापर्यंत.

"आजवर भिंतीकडे तोंड करून रांधलं," बायको म्हणाली. "आता मी इथून हलायची नाही. ते मशीन आणायचं तर माझ्या अंगावरून आणा."

मास्तरांनी वर येऊन नदी पाहिली. मग खाली वाकून त्यांनी चुन्याच्या रेघेवरून बोट फिरवलं, थेट कोपऱ्यापर्यंत.

"जा रे बाबा तू," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

"अहो मास्तर, इथे सगळेच सपाट करतात."

"सगळे तयार कपडे घेतात."

जेसीबी वळला. आर्किटेक्ट हात झटकू लागली.

"तुमचं नाव कुठे लावणार?" मास्तरांनी विचारलं.

"घराला आमचं नाव लावत नाहीत, मास्तर."

"लावा. मी माझं कॉलरच्या आत शिवतो. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण घालणाऱ्याच्या मानेला लागत राहतं."